गरुडाचा मान

नोव्हाय, २२ सप्टेंबर २०२५

श्री. अवधूत वैरागडे यांस,

सप्रेम नमस्कार. 'सप्रेम' हे सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, कागद चांगला आहे.

हे पत्र टपालाने येतंय याचं नवल वाटून घेऊ नकोस. व्हॉट्सअॅपवर तू मला ब्लॉक केलंस. फोन केला की एक बाई गोड आवाजात सांगते की तुझा मेलबॉक्स भरला आहे. इशिता म्हणाली, "बाबा, जस्ट ईमेल हिम." पण ईमेल तू न वाचता उडवशील. लिफाफा फाडल्याशिवाय तुला राहवत नाही, हे मला माहीत आहे.

काल सर्वपित्री अमावास्या झाली. देवळात जाऊन वडिलांचं आणि आजोबांचं तर्पण केलं, आणि शेवटी मेजर फॉन क्लेस्टरनाऊ यांचंही केलं. गुरुजींनी नाव तीनदा विचारलं. "फॉन हे वडिलांचं नाव का?" मी म्हटलं, नाही, ते आपल्या आडनावातल्या 'कर'सारखं आहे. "गोत्र?" माहीत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग काश्यप." अशा रीतीने प्रशियाचे मेजर काल काश्यपगोत्री झाले आणि सातासमुद्रापार नोव्हायमध्ये त्यांना तीळपाणी मिळालं.

तू हसशील. हस. पण ती पदकांची पट्टी मी गेल्या खंडेनवमीला देवापुढे ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं. ज्याची वस्तू पुजली त्याचं नाव माहीत नसावं, हे माझ्या मनाला लागून राहिलं होतं. तुला ती पट्टी म्हणजे कोडं होतं. मला ती कुणाची तरी छाती वाटायची.

आपला वाद काय होता ते इथे पुन्हा लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, म्हणजे पुढे 'मी असं म्हणालोच नव्हतो' असं व्हायला नको. इथून जवळच्या लिव्होनिया गावातल्या त्या म्हाताऱ्या बाईंच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथे आपण शिडी घ्यायला गेलो आणि बिस्किटांच्या डब्यातली, एका पट्टीवर शिवलेली पाच पदकं घेऊन आलो. आमची सुमित्रा दारातच आडवी आली. "हिटलरचं तर नाही ना? तसलं काही घरात येणार नाही." आपण दोघांनी घसा कोरडा करून सांगितलं की हे त्याच्या आधीचं, कैसरच्या काळातलं आहे. ती म्हणाली, "मग गॅरेजमध्ये."

त्या काळी जर्मनीत वेगवेगळी राज्यं होती. अधिकारी आपल्या राज्याचं पदक पट्टीवर पहिलं लावायचा, मग दुसऱ्या राज्यांची, शेवटी परदेशी. सैन्याच्या छापील याद्यांत नावापुढे पदकंही लिहिलेली असतात. क्रम जुळला की माणूस सापडला. तू इथून कॅरीला राहायला गेलास, पट्टी माझ्याकडे राहिली, आणि तुझ्याकडे खरेदीच्या दिवशी काढलेला फोटो. दर रविवारी फोनवर बसायचो. तू म्हणायचास, पहिला सॅक्सनीचा क्रॉस, म्हणून हा कॅप्टन रिश्टरहाइम. मी म्हणायचो, पहिला प्रशियाचा लाल गरुड, म्हणून हा मेजर क्लेस्टरनाऊ. शिवाय पट्टीच्या मागच्या कापडाचं वीणकाम सायलेशियातलं वाटतं, आणि सायलेशिया प्रशियात होता, हाही माझा मुद्दा होताच.

होळीच्या सुमारास मी तुला पट्टीचा फोटो पाठवला. तू लिहिलंस, "तुझा मेजर जिंकावा म्हणून ओळ बदललीस बे."

'बे'चं काही नाही, तू नागपूरचा आहेस. पण 'ओळ बदललीस' हा शब्द मला रात्रंदिवस टोचतो. रागात मीही लिहिलं की तुझा फोटोच आरशातला आहे आणि डोळे तपासून घे. त्यानंतर तू मला ब्लॉक केलंस.

मी त्या पट्टीचा एक टाका हलवलेला नाही. देवाशपथ. मला मेजर नको, कॅप्टन नको. तो शब्द तेवढा मागे घे.

आपला,
राजाराम

---

नोव्हाय, २ ऑक्टोबर २०२५

अवधूत,

दसऱ्याच्या शुभेच्छा. सोबत पानं आहेत. आपटा इथे कुठला मिळायला? आमच्या ऑफिसच्या पार्किंगमधल्या रेडबडची आहेत. आपट्याचं पान मधे दुभंगलेलं असतं, हे तसं नाही, पण चुलत भाऊ वाटावा इतकं सारखं आहे. सोनं समजून घे. टपालात वाळली असतील तर जुनं सोनं समज.

आता अवघड भाग. हे लिहिताना तीन कागद फाडले.

ओळ बदललेली आहे.

मी बदललेली नाही.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे मला काल खंडेनवमीच्या पूजेत समजलं. तुझा फोटो बरोबर होता. ओळ कुणी बदलली ते सांगता येत नाही, कारण मी शब्द दिला आहे. एवढंच सांगतो की हेतू वाईट नव्हता. उलट त्यात भक्तीच होती, आणि ती माझ्या भक्तीपेक्षा शुद्ध होती. घरातलीच व्यक्ती आहे. याहून जास्त विचारू नकोस.

म्हणजे मेजर बाद. तुझ्या कॅप्टनचं अभिनंदन. तर्पणाचं काय करायचं ते गुरुजींना विचारायचा धीर होत नाही.

राजाराम

---

नोव्हाय, ११ ऑक्टोबर २०२५

अवधूत,

तुझं कार्ड पोचलं. इतक्या महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं, आनंद झाला. पण मजकूर एकच ओळ: "सुमित्रा वहिनींचंच काम ना? सांग ना यार, लपवतोस कशाला." आणि कार्ड! लिफाफा तरी वापरायचास. पेटीतून टपाल सुमित्रा आणते हे तुला माहीत नाही का?

"मी?" ती म्हणाली. कार्ड तिने दोन बोटांत धरलं होतं, झुरळ धरावं तसं. "मी त्या मेल्या पदकांना हात लावीन? मी गॅरेजमध्ये पायसुद्धा ठेवत नाही! अवधूतभावजींना सांगा, यंदा त्यांच्या नावाचा चकलीचा डबा निघणार नाही."

"अगं, त्याला माहीत नाही म्हणून—"

"तुम्हाला माहीत आहे ना? मग माझ्यावर आळ येईपर्यंत तोंड शिवून का बसलात?"

मी लगेच ज्या व्यक्तीला शब्द दिला होता तिला फोन लावला आणि सांगितलं की सुनेवर आळ आलाय. ती म्हणाली, "आरं मग सांगून टाक माझं नाव. सुनंवर नगं." त्या परवानगीने लिहितो.

आई.

गेल्या वर्षी ती इथे होती ते तुला आठवत असेल. तू कॅरीला जायला निघालास तेव्हा तुला लाडू बांधून दिले होते तिनेच. यंदा खंडेनवमीला मी नेहमीसारखी पूजा मांडली. पान्यांचा संच, ड्रिल, व्हर्निअर, लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या आणि मधे ती पट्टी. आईला पूजा दिसावी म्हणून गावाकडे व्हिडिओ कॉल लावला. ती फोन नाकाला लावून बघत होती.

"आरं, कसं लख्ख ऱ्हायलंय बघ अजून!"

"काय लख्ख, आई?"

"ते बिल्लं. काळंकुट्ट हुतं की. द्येवापुढं तसंच ठिवायचं का? तू कामाला गेल्यावर चिंचंत घातलं आनि घासलं. येक बिल्ला मातर न्हाई निघाला. लई घासला, करडाच ऱ्हायला मेला."

अवधूत, जुन्या पदकाचा काळेपणा घालवणं हे संग्राहकांत पाप; आपल्या इंटरनेटवरच्या फोरमवर एका माणसाने पदक नुसतं रुमालाने पुसल्याचं कबूल केलं होतं, तर लोकांनी त्याला सांत्वनाचे संदेश लिहिले होते. माझ्या आईने चिंच लावली.

खरेदीनंतर डबा मी थेट त्या पूजेलाच उघडला होता, आणि आधीचा काळेपणा नुसती धूळ समजलो होतो. मी विचारलं, "आणि परत शिवलंस?"

"मग? फितीतनं काढल्याबिगर घासायचं कसं? मागचं कापड बी इरलं हुतं. सुमीच्या डब्यात खणाचा तुकडा हुता, त्यो लावला."

मी पट्टी उलटी केली. हिरवा खण. लाल काठाचा. सुमित्राने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "हा माझ्या डोहाळजेवणाचा खण." सायलेशियातलं वीणकाम! मी गडहिंग्लजकडचा माणूस, खणाच्या चोळ्या बघत मोठा झालो, आणि त्या कापडावर फोरममध्ये लेख लिहायला घेतला होता. तो लेख आता पुसून टाकला आहे. तू तो वाचलेला नाहीस. तसंच राहू दे.

शेवटचं विचारलं, "ओळ कशी लावलीस, आई?"

"ओळ कसली? सुटं झाल्यावर कोन कुठला हुता ते मला काय ठावं? दोन्ही टोकाला क्रूस, मधी मोठा गोल, हारात पदक बसवत्यात तसं. आनि त्या गरुडवाल्याला पयला मान दिला. इष्णूचं वाहन हाय त्ये. त्याला काय मागं ठिवायचं?"

प्रशियाच्या राजाने आपल्या गरुडाबद्दल असाच आदर अपेक्षिला असता. माझं तोंड पाहून ती घाबरली. "चुकलं का रं काय? अवधूतला सांगू नगंस, त्यो हसंल मला." म्हणून शब्द दिला होता.

मी तिला म्हटलं की तो हसणार नाही. तेव्हा कृपा करून हसू नकोस, निदान तिच्यासमोर.

राजाराम

ता. क. सुमित्राला आधी फोन कर. तिला तू ब्लॉक केलेलं नाहीस.

---

नोव्हाय, १९ ऑक्टोबर २०२५

प्रिय अवधूत,

सुमित्राला फोन केलास हे बरं केलंस. चकलीचा डबा निघाला आहे. "सॉरी वहिनी, मी गाढव आहे" असं तू म्हणालास ते तिने मला दोनदा ऐकवलं, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघत. माझ्याबद्दल मात्र एक शब्द बोलला नाहीस, असंही कळलं. असो.

आज एक गोष्ट घडली, ती तुला पहिल्यांदा सांगायची.

तुझ्या फोटोप्रमाणे ओळ परत लावावी म्हणून मी स्वयंपाकघरात बसलो आणि आईचे टाके उसवायला घेतले. काय टाके घातलेत! जर्मन सैन्याची फळी फुटली असती, हे टाके सुटेनात. सुया हरवू नयेत म्हणून सुमित्राकडे चुंबक बसवलेली एक वाटी असते. एकेक पदक सोडवून मी बाजूला ठेवत होतो. १९०० साली जर्मन सैन्य चीनवर चालून गेलं होतं, त्या मोहिमेचं पदक हातातून निसटलं आणि टच्चदिशी त्या वाटीला जाऊन चिकटलं.

मी ओढलं. परत चिकटलं.

अवधूत, कांस्य चुंबकाला चिकटत नाही. मी मोटारींचे पोलादी पत्रे तपासून पोट भरतो, मला हे कुणी सांगायला नको. आणि आईने बिचारीने सांगितलं होतं की एक बिल्ला लई घासला तरी करडाच राहिला. ते ऐकून मी सोडून दिलं, कारण माझं सगळं लक्ष खणाकडे लागलं होतं.

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. चीनचं पदक दोन प्रकारचं होतं. जे लढले त्यांना कांस्याचं. जे गेले, राबले, पण लढले नाहीत त्यांना पोलादाचं. तुझ्या फोटोत सगळीच काळी होती, म्हणून आपण दोघांनी ते डोळे झाकून कांस्याचं धरलं. तुझा कॅप्टन लढला होता. म्हणजे तोही बाद.

मला वाईट वाटलं, असं लिहिणार होतो. पण खरं तेच लिहायचं असं ठरवलं आहे.

मग मी सॅक्सनीची यादी पुन्हा उघडली. पायदळ नको, घोडदळ नको, तोफखाना नको. थेट शेवटची पानं, जी आपण दोघांनी कधीच वाचली नाहीत, कारण त्यांत नुसते डॉक्टर आणि कारकून होते. तिथे तो सापडला. पाचही पदकं, तुझ्या फोटोतल्याच क्रमाने, शेवटी जपानचंसुद्धा. एमिल हाल्टमान. वरिष्ठ पशुवैद्य.

घोड्यांचा डॉक्टर, अवधूत! वर्षभर आपण मेजर आणि कॅप्टनसाठी भांडलो आणि तो शेवटच्या पानावर गप बसून होता.

फोरमवर लाइपझिगचे निवृत्त पोस्टमास्तर आहेत ना, त्यांना विचारलं. ते म्हणाले, यादीत असा दुसरा कुणी नाही, हाच. मोहिमेसाठी घोडे बोटीने न्यायचे, तेव्हा असे पशुवैद्य त्यांच्याबरोबर जायचे. घोड्यांना बोट लागते की नाही मला माहीत नाही. लागत असेल तर त्या माणसाने ते पदक चांगलंच कमावलं होतं.

आमच्या गावात गुरांचे डॉक्टर सायकलवरून यायचे. गोठ्यात शिरताना ते चपला बाहेर काढायचे, माणसांच्या डॉक्टरने कधी काढल्या नाहीत. बैलाच्या कानात काहीतरी पुटपुटायचे. आम्हा पोरांना वाटायचं मंत्र आहे. आज त्यांची फार आठवण झाली.

तुला कधी बोललो नव्हतो, पण मला मनातून एक भीती होती. हळदकुंकू वाहिलं ती छाती कुणाची? चीनमध्ये त्या सैन्याने काय काय केलं ते आपण वाचलं आहे. देवापुढे मी काय ठेवून बसलोय, असं वाटायचं. आज त्या चुंबकाने माझं मन हलकं केलं. अगदी निर्दोष होता असं कोण म्हणेल? त्याच सैन्याबरोबर गेला होता. पण त्याच्या हातात लगाम होता.

आता पाचही पदकं एका वाटीत सुटी पडली आहेत. शिवायची तर तुझ्या फोटोप्रमाणे, आणि तू बोलत नाहीस.

तुझा,
राजाराम

---

नोव्हाय, २६ ऑक्टोबर २०२५

अवध्या,

सकाळी आईचा फोन आला. म्हणाली, "मी अवधूतला फोन लावला हुता."

मी विचारलं, "काय बोललीस?"

"म्हनलं, आरं बाबा, तू माझ्या पोराला लबाड म्हनलास म्हनं. त्यानं उभ्या जल्मात शर्टाचं बटण लावलं न्हाई. त्यो काय ओळ बदलतोय?"

एवढी कागदपत्रं, एवढ्या याद्या, देवाची शपथ, कशाने काही झालं नाही. मी निर्दोष आहे याचा पुरावा हा, की मला सुई धरता येत नाही.

"मग काय म्हणाला तो?"

"हसाय लागला. लई हसला. मग म्हनला, आई, चिंच किती घेतली हुती?"

हे तुझंच. दुसरं कुणी विचारणार नाही.

नंतर माझा फोन वाजला. तुझं नाव स्क्रीनवर दिसलं तेव्हा इशिता ओरडली, "ही अनब्लॉक्ड यू!" सुमित्राने गॅस बंद केला आणि दोघी माझ्या खांद्यावरून वाचू लागल्या. तू लिहिलं होतंस: "शब्द मागे घेतला बे. पण फोटो आरशातला नव्हता."

नव्हता. मीही मागे घेतो. डोळ्यांबद्दलचंही मागे घेतो, जरी पोलाद तुलाही दिसलं नव्हतं.

आता तुला व्हॉट्सअॅपवर लिहिता येईल. पण पत्राची सवय लागली आहे, आणि तिथे तू माझं लांब लिहिलेलं वाचत नाहीस, अंगठा पाठवतोस.

तर ठरलं ते असं. थँक्सगिव्हिंगला तू आणि अदिती जोडीने इकडे येताय. पदकं वाटीतच ठेवतो. आई व्हिडिओवर बसेल आणि सांगेल, शिवायचं आपण दोघांनी. पहिला टाका तुझा. मागे खणच राहील, असं सुमित्राने बजावलं आहे. फोरमवर मागच्या बाजूचा फोटो टाकायचा नाही.

एकच अडचण होती, गरुडाची. आईला सांगितलं की गरुड आता दुसरा येणार. ती लगेच उखडली. "दुसरा? मग पयला कोन?" मी म्हटलं, "आई, आपण पूजेला बसलो की आधी कुणाचं नाव घेतो?" म्हणाली, "गनपतीचं." "आणि मग?" "कुलदैवताचं." "विष्णूचं का नाही?" "त्यो मोठाच हाय, पन घरचा द्येव आधी." मी म्हटलं, "हा डॉक्टर सॅक्सनीचा. तो पहिला क्रॉस म्हणजे त्याचं कुलदैवत."

ती म्हणाली, "आरं मग हे तवाच का न्हाई सांगितलंस? उगंच त्या गरुडाला दुसऱ्याच्या पाटावर बसवलं मी." आपल्याला ज्याच्यासाठी चार ग्रंथ चाळावे लागले, ते तिला तिथल्या तिथे पटलं.

पुढच्या सर्वपित्रीला एमिल हाल्टमान यांचं तर्पण करीन. गोत्र काश्यपच. गुरुजींना नावाची चिठ्ठी आधीच देऊन ठेवतो. राहता राहिला मेजर. त्याचा आपला काही संबंध नसताना त्याला पाणी दिलं गेलं, आणि ज्याचं होतं तो यंदा तसाच राहिला, ही रुखरुख काही केल्या जाईना. शेवटी तेही आईला विचारलं. दिलेलं परत कसं घ्यायचं?

ती म्हणाली, "परत कशाला? पिऊ दे की. त्यो बी तान्हेलाच असंल."

तुझा,
राजाराम